टाच खाली जातच नाही! घोड्यावर पाय स्थिर कसे ठेवावेत?

गंगापूररोडवाली · रविवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

वय ४१, नोकरी नाशिकच्या अंबडला एका कारखान्याच्या हिशेब खात्यात, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत. दसऱ्यानंतर मैदान सुकलं तसं गंगापूर धरणाच्या बाजूला एका ठिकाणी घोडेस्वारी शिकायला लागले. खरं म्हणजे लेकीला घातलं होतं. ती तीन रविवारांत कंटाळली, भरलेले पैसे वाया नकोत म्हणून मी चढले आणि मीच अडकले.

घोडी चालत असते तोवर मी राणी लक्ष्मीबाई. ट्रॉट (दुडकी) सुरू झाला की खेळ खलास. गुडघ्याखालचा पाय पुढेमागे झोके घेतो, टाच वर येते आणि दोन चकरांत डावी रिकीब (पाय ठेवायची कडी) पायातून निसटते. दर वेळी डावीच. ती परत शोधायला खाली बघितलं की तोल जातो. तोल जाऊ नये म्हणून गुडघे आवळते, तर घोडी अजूनच पळते. उस्ताद मैदानाच्या मधोमध उभे राहून एकच ओरडतात, "एडी नीचे! एडी नीचे!" अहो, मी दाबतेय ना खाली. पोटऱ्या दुखेपर्यंत दाबतेय. रात्री गुडघ्याची आतली बाजू ठणकते ती वेगळीच.

लेकीने काढलेला फोटो खाली डकवला आहे. हसायचं असेल तर मनात हसा. यावर कुणी काही सांगू शकेल का?

नुसताच_वाचक · रविवार, दुपारी १२:३१

धाग्याचा विषय बघून आलो. काही कळत नाही, पण बसतो. घोडी सुंदर आहे.

चौखूर · रविवार, दुपारी १:०५

ताई, हे टाच खाली, पाठ ताठ वगैरे सगळी साहेबाची थेरं. आपले मावळे काय आरशासमोर उभे राहून घोड्यावर बसायला शिकले का? मांडीत गच्च धरा घोडीला आणि सोडा. मांड पक्की तर स्वार पक्का. दोनदा पडाल, तिसऱ्यांदा येईल.

गंगापूररोडवाली · रविवार, दुपारी १:२०

@चौखूर, पडून झालंय. दोनदाच. तिसऱ्यांदा काही आलं नाही.

तीन_भोकं_वर · रविवार, दुपारी २:४७

मी भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर मोठ्या मुलांची घोडेस्वारी बघत बघत वाढले, पुढे स्वतः जम्पिंगही केलं. फोटो बघितला. रिकीब आखूड वाटतेय, गुडघा खोगिराच्या पुढच्या कडेवर चढलाय. घरच्या घरी माप असं घ्या: घोडीशेजारी उभ्या राहा, बोटांची टोकं खोगिरावर जिथे रिकिबीचा पट्टा अडकतो त्या कडीला लावा आणि हात सरळ ठेवून रिकीब काखेपर्यंत ओढून धरा. काखेत टेकली की सुरुवातीपुरतं माप झालं. वर बसल्यावर पाय रिकिबीतून काढून मोकळे सोडायचे, रिकिबीचा पत्रा (पाऊल टेकतं तो खालचा भाग) साधारण घोट्याच्या हाडाशी लागला पाहिजे. उड्या मारताना आम्ही दोनतीन भोकं वर घेतो (माझं नाव त्यावरूनच). फवाद मिर्झाचे टोकियो ऑलिम्पिकचे व्हिडिओ बघून बरेच जण आखूड रिकिबीवर शिकायला जातात, पण क्रॉस कंट्रीची (मोकळ्या रानातून अडथळे ओलांडत धावण्याची) लांबी वेगळी आणि शिकण्याची वेगळी.

आणि पाय किती आत घालताय? चवड्याचा रुंद भाग पत्र्यावर हवा, तळव्याची कमान नको. बूट टाचेचेच घाला. सपाट स्पोर्ट्स शू आरपार सरकला आणि पडलात तर पाय अडकून फरफट होते.

कॅम्पातला_म्हातारा · रविवार, संध्या. ६:१५

ताई, मी रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर (आरव्हीसी), म्हणजे फौजेच्या घोड्या-जनावरांच्या खात्यातून निवृत्त. मेरठला शिकलो, आता देवळाली कॅम्पात राहतो. तुमच्या उस्तादांच्या "एडी नीचे"चा आवाज मला इथपर्यंत ऐकू येतो, कारण मीही तीस वर्षं तेच ओरडलो. तेव्हा आधी माफी मागतो.

फोटो नीट बघितला. टाचेचं नंतर बघू. तुम्ही घोडीवर खुर्चीत बसल्यासारख्या बसल्या आहात. बूड मागे, गुडघे पुढे वर, पावलं त्याच्याही पुढे. खुर्चीत हे चालतं, कारण तिला पाठ असते आणि ती दुडकत नाही. तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलंय की घोड्यावर खुर्चीवर बसल्यासारखं बसू नये, पाय फाकवून सरळ उभं असल्यासारखं बसावं. तेव्हा त्याच्याकडे रिकीबसुद्धा नव्हती.

फोटोवर पट्टी ठेवून बघा. कान, खांदा, कमरेचं हाड, टाच हे बाजूने एका उभ्या ओळीत यायला हवेत. तुमची टाच त्या ओळीच्या वीतभर पुढे आहे. आता मनातल्या मनात घोडी खालून काढून घ्या. पायांवर उभ्या राहाल की बुडावर आपटाल?

गंगापूररोडवाली · रविवार, संध्या. ६:४०

आपटेन. जोरात.

चौखूर · रविवार, रात्री ८:०२

काका, मग मांड खोटी का? पिढ्यान्‌पिढ्या आपण म्हणतो मांड ठोकली, मांड पक्की. टाच ठोकली असं कुणी म्हणत नाही.

कॅम्पातला_म्हातारा · रविवार, रात्री ९:३०

चौखूरराव, बरोब्बर बोललात, आणि तुमच्याच वाक्याने तुम्हाला धरतो. मांड म्हणजे काय? मांडी आणि बैठक. शब्दानेच सांगितलंय की स्वाराचा पाय नितंबापासून सुरू होतो. पण ठोकणं वेगळं आणि आवळणं वेगळं. दोरीवर ओली गोधडी टाकली की ती दोन्हीकडे आपल्या वजनाने लोंबते, दोरीला धरत नाही. तशी मांडी खोगिरावरून खाली लोंबली पाहिजे.

गुडघा आवळलात की तो खिळा होतो. खिळ्याभोवती खालचा पाय लोलकासारखा हलतो आणि वरचं धड पुढे कोसळतं. वजन गुडघ्यातच अडकतं, टाचेपर्यंत उतरतच नाही. म्हणून टाच वर येते. तुम्ही पोटरीच्या जोरावर टाच खाली ढकलता, तेव्हा घोटा कडक होतो. घोटा म्हणजे तुमची स्प्रिंग. ती गोठली की घोडीचा प्रत्येक धक्का रिकिबीतून पायाला लागतो आणि पाय उडून रिकीब सुटते. टाच खाली ढकलायची नसते, ती आपोआप उतरते. वरचे दरवाजे उघडे असले पाहिजेत, एवढंच.

घोडी पळते त्याचंही कारण हेच. पायाचा दाब तिच्या भाषेत "चल". तुम्ही घाबरून आवळता, तिला वाटतं बाई म्हणतेय पळ. ती पळते, तुम्ही अजून आवळता. तिची काही चूक नाही.

पंचवटीचा_टांगा · रविवार, रात्री १०:५५

एक भाबडा प्रश्न. ही घोडी आधी वरातीत होती का? आमच्या चुलत्यांकडे वरातीच्या दोन घोड्या आहेत. त्यांना शिकवलेलं असतं: लगाम जरा उचलला आणि कुशीला पाय लागला की जागच्या जागी नाचायचं. फोटोत घोडी मान उचलून पुढचा पाय वर घेतेय ते मला ओळखीचं वाटलं.

गंगापूररोडवाली · सोमवार, सकाळी ७:५०

@पंचवटीचा_टांगा, दंडवत घ्या! आत्ता उस्तादांना फोन करून विचारलं. बिजली चार वर्षं वरातीत होती. मागच्या रविवारी शेजारच्या लॉन्सवर बँड सुरू झाला आणि ही माझ्यासकट नाचायला लागली. मला वाटलं माझंच काही चुकलं.

पंचवटीचा_टांगा · सोमवार, सकाळी ८:१२

चुकलंच होतं. तुम्ही आवळलं होतं. :) अशी घोडी शिकायला उत्तम, पाय खोटं बोलला की लगेच सांगते.

सांधेवाली · सोमवार, दुपारी ३:३०

मी फिजिओथेरपिस्ट, कॉलेज रोडला बसते. घोड्यावर आयुष्यात एकदा बसले, महाबळेश्वरला, तेही फोटोपुरती. त्यामुळे स्वारीचं काकांकडे, मी फक्त शरीराचं बोलते.

नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे मांडीच्या सांध्यासमोरचे स्नायू, जे कंबरेच्या मणक्यापासून मांडीच्या हाडाला जातात, ते आखडून जातात. आखडलेल्या स्नायूंनी मांडी खाली सरळ सोडायची म्हटली की एक तर गुडघा वर-पुढे ओढला जातो, नाहीतर कंबरेत पोकळ बाक येतो. तुझ्या फोटोत पहिलं दिसतंय. म्हणजे तू घोडीवर खुर्ची घेऊनच चढतेस गं.

गुडघ्याच्या आतल्या दुखण्याबद्दल. कुणी तुला "बोटं समोर" असंही सांगितलंय का? गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. पाऊल जबरदस्तीने घोट्यातून आत वळवलंस तर पीळ गुडघ्यावर बसतो. वळायची जागा मांडीचा सांधा आहे. तिथून अख्खी मांडी किंचित आत वळव, मग पाऊल जिथे येईल तिथे येऊ दे. बोटं थोडी बाहेर राहिली तर काही बिघडत नाही. फार बाहेर गेली तर मात्र पोटरीची मागची बाजू घोडीला चिकटते. बहुधा तेही होत असेल.

घरी काय करायचं: एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरा पाय पुढे, बूड आत घेऊन हळूच पुढे सरक. टेकलेल्या पायाच्या जांघेत ताण आला पाहिजे, कंबरेत नाही. अर्धा मिनिट, दोन्हीकडे, दिवसातून दोनतीनदा. ऑफिसात दर तासाला उठ. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा हवेत सोड, कठडा धरून. ढकलू नकोस, शरीराचं वजनच त्यांना उतरवतं. काका म्हणतात ते "उतरणं" काय असतं ते तिथे कळेल. आणि कडक लाकडी पाटावर बस, तळहात बुडाखाली घाल, दोन टोकदार हाडं लागतील. घोडीवर त्यांच्यावर बसायचं, त्यांच्या मागे नाही.

सूज असेल किंवा जिना उतरताना गुडघा अडकत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव, स्वारी पळून जात नाही.

नुसताच_वाचक · सोमवार, दुपारी ४:०२

घोड्याशी संबंध नाही, पण पाटावर बसून हाडं शोधली. सापडली. धाग्याबद्दल आभार.

कॅम्पातला_म्हातारा · सोमवार, रात्री ९:१०

सांधेवाली ताईंनी माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब चार ओळींत मांडला. आम्ही रिक्रूटला नुसतं ओरडून वाकवायचो. तो विशीचा, वाकायचा. चाळिशीला ओरडून वाकवता येत नाही.

आता मैदानावर. उस्तादांना सांगा, चार रविवार लंजवर घ्या म्हणून. म्हणजे घोडी लांब दोरीवर त्यांच्या हातात, गोल फिरतेय, लगाम तुमच्याकडे नाही. आधी नुसती चाल, रिकिबी काढून पुढे खोगिरावर आडव्या टाकलेल्या. दोन्ही गुडघे क्षणभर खोगिरापासून बाहेर उचला, मग मांड्या मागून खाली सोडा. बैठकीच्या हाडांवर वजन आल्याचं तिथेच कळतं. पाच-सहा वेळा पुरे, जांघेत पेटके येतात.

मग रिकिबी घाला आणि उभ्या राहा. आधी थांबलेल्या घोडीवर, मग चालीत, मग दुडकीत. आयाळ धरली तरी चालेल, लगामावर लटकायचं नाही. पाय पुढे असेल तर धपकन मागे बसाल, मागे असेल तर मानेवर पडाल. टाच बरोबर तुमच्याखाली असेल तरच उभ्या राहता येतं. मी सांगायची गरजच नाही, घोडीच शिकवते.

उठबैस करताना गुडघ्यातून वर उडी मारू नका. दुडकी दोन ठोक्यांची असते. एका ठोक्याला घोडीच तुम्हाला वर फेकते, तुम्ही फक्त कमरेचं हाड पुढे जाऊ द्यायचं आणि हळू परत यायचं. नजर घोडीच्या कानांमधून पलीकडच्या झाडावर. डोकं चार-पाच किलोचं असतं, ते खाली गेलं की सगळं पुढे जातं.

तीन_भोकं_वर · सोमवार, रात्री ९:४१

काकांना +१००. बिनरिकिबीचं काम एका बैठकीत पाच-दहा मिनिटांहून जास्त नको. दमल्यावर माणूस परत आवळायलाच लागतो आणि चुकीचीच सवय पक्की होते. शिवाय घोडीच्या पाठीलाही त्रास.

आणि खोगीर बघा एकदा. पुष्कळ ठिकाणी एकच खोगीर सगळ्या घोड्यांना चढवतात. मागे नमद्यांचे (खोगिराखालच्या जाड घड्यांचे) थर कमी पडले, खोगीर मागे झुकलं की स्वार उतारावर बसतो आणि पाय पुढे जाणारच, कितीही शिकवा. खोगिराचा सर्वांत खोल भाग मधोमध यायला हवा. तंग (पोटाखालचा पट्टा) आवळल्यावर बाजूने बघायचं.

चौखूर · मंगळवार, सकाळी १०:२०

अवांतर: यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला कोण येतंय? तापीकाठी दोन दिवस नुसते घोडे बघू. एक मारवाडी घ्यायचा विचार आहे. माझं वजन ९४.

कॅम्पातला_म्हातारा · मंगळवार, सकाळी ११:०५

यात्रेला जरूर जा, पण घेण्याआधी हिशेब करा. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं, असा ढोबळ नियम आहे. मारवाडी साधारण साडेतीनशे-चारशे किलोचा धरा. म्हणजे ७० ते ८०. आधी तुम्ही मैदानाच्या चकरा मारा, मग घोड्याला मारायला लावा.

चौखूर · मंगळवार, सकाळी ११:०९

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सांधेवाली · मंगळवार, सकाळी ११:४०

=)) =))

पंचवटीचा_टांगा · मंगळवार, रात्री ११:१५

कुणाला हे काम उत्तम झालेलं बघायचं असेल तर २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धांमधले भारतीय ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाचे व्हिडिओ शोधा. सांघिक सुवर्ण मिळालं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. घोड्याकडे बघू नका, स्वाराच्या गुडघ्याखाली बघा. काही होतंय असं वाटतच नाही, आणि घोडा तिरका चालत असतो.

गंगापूररोडवाली · मंगळवार, रात्री ११:३२

४१ वर्षांनी! माझ्या जन्मापासून वाट बघत होते म्हणायचे. शोधते. सगळ्यांचे आभार. महिन्याने इथेच सांगते काय झालं ते.

गंगापूररोडवाली · पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:१५

धागा वर काढते.

आधी कबुली. जिन्यावरचं आणि जांघेचं रोज केलं, पाटावरचं दोनदाच. उस्तादांना लंजचं सांगायला आठवडाभर धीर झाला नाही, कारण "इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं" हे वाक्य त्यांच्यासमोर कसं म्हणायचं? शेवटी म्हटलं, देवळाली कॅम्पातल्या एका आरव्हीसीच्या साहेबांनी सांगितलंय. लगेच दोरी काढली. काका, तुमचं नाव न सांगता वापरलं, माफी.

पहिल्या लंजला रडू आलं. हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही. धरायला काही नाही म्हटल्यावर मी आवळणार तरी किती? सातव्या-आठव्या चकरेला आवळायची ताकदच संपली आणि मांड्या आपोआप खाली लोंबल्या. आणि बिजलीने मान खाली सोडून चक्क सुस्कारा टाकला. इतके दिवस ती माझ्यासारखीच श्वास रोखून चालत होती की काय!

उभं राहण्याच्या व्यायामात पहिले दोन रविवार धपकन मागेच बसत होते. तिसऱ्या रविवारी अर्धी चक्कर उभी राहिले. तेव्हा कळलं की पाय मागे घ्यावा लागतोय असं मला वाटतं, पण फोटोत तो आत्ता कुठे ओळीत येतोय. आपल्याला आपलं शरीर किती खोटं सांगतं बघा. उभी राहिले की उजवीकडे मात्र कलत होते, ते काही केल्या जाईना.

आता डाव्या रिकिबीचं. हे तुम्हा कुणालाच सुचलं नाही म्हणून कॉलर ताठ! इतकं करूनही उजवी राहायची, डावी सुटायची. सांधेवालीला भेटून आले. तिने झोपवून पाय मोजले, दोन्ही सारखे. म्हटलं मग पट्टे मोजू. दोन्ही सहाव्या भोकावर होते, पण खोगिरावरून काढून खुंटीवर शेजारी शेजारी लटकवले तर डावा अंगठ्याच्या रुंदीएवढा लांब! सगळे डावीकडूनच चढतात, रोज दहा-बारा माणसांचं वजन त्या एका पट्ट्यावर. चामडं ताणत गेलं. मी आपली डावीकडची रिकीब गाठायला टाच उचलत होते आणि वर ओरडा खात होते.

कॅम्पातला_म्हातारा · रविवार, दुपारी २:००

ताई, ही खरी चपराक. फौजेत डावे-उजवे पट्टे ठरावीक दिवसांनी आलटून-पालटून लावायचा दंडकच होता. आणि तुम्ही पहिल्याच ओळीत "दर वेळी डावीच" लिहिलं होतं. म्हातारा फोटोच बघत बसला.

तीन_भोकं_वर · रविवार, दुपारी २:२०

भारी! चढताना ओटा किंवा स्टूल वापरा आता. पट्टा वाचतो, खोगीर घोडीच्या पाठीवर पिळत नाही, तिची पाठही वाचते.

सांधेवाली · रविवार, दुपारी ३:०५

गुडघा?

गंगापूररोडवाली · रविवार, दुपारी ३:१८

रात्री ठणकत नाही. सलग तीन चकरा ट्रॉट झाला आज, दोन्ही रिकिबी पायात. उस्तादांनी "एडी" हा शब्द एकदाही काढला नाही. आता "कोहनी! कोहनी!" सुरू झालंय.

नुसताच_वाचक · रविवार, दुपारी ४:४४

पहिल्यांदाच विचारतो. हा धागा वाचून मी पण नाव घातलं, मखमलाबादच्या बाजूला. आज पट्टे अदलाबदल करायला गेलो तर मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) म्हणाला, भोकं सारखी आहेत, कशाला खटाटोप. काय सांगू त्याला?

गंगापूररोडवाली · रविवार, दुपारी ४:५०

भोकं मोजू नका. दोन्ही पट्टे काढा, रिकिबीसकट एका खुंटीला अडकवा आणि त्यालाच समोर उभं करा.